गावाजवळ वराहपालन : डुकरांचे विषाणू माणसाला कितपत लागतात?

विभाग : शेती आणि पशुपालन

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. माझ्या चुलतभावानं राष्ट्रीय पशुधन अभियानातून वराहपालनाचा प्रस्ताव टाकलाय. 50 माद्या, 5 नर, भांडवली खर्चाला निम्मं अनुदान. जागा आमच्याच मळ्यात, वस्तीपासून लांब, पण ओढ्याला लागून.

विषय गावात फुटल्यापासून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, स्वाइन फ्लू येणार, कावीळ येणार, शाळेतली पोरं आजारी पडणार. दुसरा म्हणतो, उसात काय उरत नाही, पोरगं हातपाय हलवतंय तर हलवू द्या. सरपंचांनी ग्रामसभेत विषय घ्यायचं ठरवलंय. भाऊ माझा आहे आणि त्या शाळेत पोरंही माझीच आहेत, त्यामुळं मला खरंच समजून घ्यायचंय की डुकरांचे कुठले रोग माणसाला होतात आणि कुठले होत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक नवीन फॉरवर्ड येतो, त्यातलं काय धरायचं कळत नाही. इथं जाणकार आहेत म्हणून विचारतोय.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

दादा, नका पडू यात. 2009 मध्ये मी पुण्यात शिकायला होतो. ऑगस्टच्या सुरुवातीला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला. शाळा-कॉलेजं बंद, थिएटरं बंद, टेस्टसाठी ही रांग, आणि मास्क मिळेना म्हणून लोक नाकाला रुमाल बांधून फिरत होते. ती भीती ज्यानं बघितली त्याला गावाजवळ डुकरं नकोच वाटणार. विषाची परीक्षा कशाला?

निवृत्त_पशुवैद्य

राजारामपुरीकर, तुमची भीती खरी आहे. मीही त्या काळात नोकरीत होतो आणि रोज हेच प्रश्न ऐकत होतो. पण ‘स्वाइन फ्लू’ या नावानं फार नुकसान केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2009 चा विषाणू डुकरांमधल्या विषाणूंपासूनच तयार झाला होता, यात शंका नाही. फ्लूच्या विषाणूत जनुकांचे आठ सुटे तुकडे असतात. डुकराच्या श्वासमार्गातल्या पेशींना पक्ष्यांचा फ्लू चिकटतो आणि माणसाचाही चिकटतो. एकाच जनावराला एका वेळी दोन वेगळे फ्लू झाले, तर पत्ते पिसावेत तसे हे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि कधीतरी एखादा नवाच विषाणू हाती येतो. 2009 चा विषाणू उत्तर अमेरिकेतल्या आणि युरोप-आशियातल्या डुकरांमधल्या विषाणूंचे तुकडे एकत्र येऊन झाला. म्हणजे डुकरांमधल्या फ्लूवर नजर ठेवायलाच हवी, हे मी आधीच मान्य करतो.

आता पुढचं ऐका. एप्रिल 2009 मध्ये तो मेक्सिको आणि अमेरिकेत सापडला, 11 जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं जागतिक साथ जाहीर केली. पुण्यात तो आला तो प्रवाशांबरोबर. एका माणसाच्या खोकल्यातून दुसऱ्याला, असाच तो शहरभर फिरला. आपल्याकडच्या एकाही डुकराचा त्यात हात नव्हता. पण इजिप्तनं त्या वेळी देशातली जवळपास सगळी, म्हणजे तीनेक लाख डुकरं मारून टाकण्याचा हुकूम काढला. कैरोत कचरा गोळा करणारी गरीब माणसं त्या डुकरांवर जगत होती आणि शहराचा ओला कचराही तीच डुकरं खात होती. डुकरं गेली, माणसांची रोजीरोटी गेली, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले आणि साथ आली ती आलीच. आपल्याकडंही डुकराचं मटण विकणाऱ्यांचा धंदा बसला. नीट शिजवलेल्या डुकराच्या मांसातून फ्लू होत नाही, हे तेव्हाही सांगितलं जात होतं, पण ऐकायला कुणी तयार नव्हतं.

आणखी एक गोष्ट गावाला आवर्जून सांगा. 2009 नंतर हाच विषाणू अनेक देशांत माणसांकडून डुकरांमध्ये गेला, आणि पुन्हा पुन्हा गेला. त्यामुळं शेडवर काम करणाऱ्या माणसाला ताप-खोकला असेल तर त्यानं घरी बसायचं, आणि दरवर्षी फ्लूची लस घ्यायची. पगार न कापता सुट्टी द्या, नाहीतर तो आजार लपवून कामावर येईल.

तांबडा_पांढरा

डॉक्टरसाहेब, माझं छोटं हॉटेल आहे. आमचं खरकटं एक डुकरंवाले मामा बऱ्याच वर्षांपासून नेतात. मध्ये कुणीतरी सांगितलं की आफ्रिकन स्वाइन फिवर नावाचा नवीन रोग आलाय, तो खरकट्यातून पसरतो, माणसं पण मरतात. तेव्हापासून स्टाफ घाबरलाय. मामांना नाही म्हणायचं जिवावर येतंय.

निवृत्त_पशुवैद्य

माणसं मरतात हे साफ खोटं. आफ्रिकन स्वाइन फिवर माणसाला होत नाही. या रोगाची पहिली नोंद 1921 साली केनियातून झाली, तेव्हापासून इतक्या देशांत लाखो माणसांनी आजारी डुकरं हाताळली, तरी माणसाला तो झालेला नाही. मामांनाही होणार नाही, तुमच्या स्टाफलाही नाही.

पण डुकरांसाठी तो काळ आहे. 2007 मध्ये जॉर्जियात शिरला, 2018 मध्ये चीनमध्ये पोचला, 2020 मध्ये आपल्याकडं आसाम-अरुणाचलमध्ये दिसला. मिझोराममध्ये घरोघरी पाळलेली डुकरं गेली, 2022 मध्ये केरळात वायनाडला आला. लक्षणं बघितली की विसरता येत नाहीत. ताप 41-42 अंशांवर जातो. काल खायला धावणारी जनावरं एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर पडून राहतात. कानांची टोकं, पोट, मांड्यांची आतली बाजू आधी लाल आणि मग जांभळट होते. काहींच्या नाकातून रक्त येतं. तीव्र रूप असेल तर आठवड्या-दीड आठवड्यात गोठा रिकामा. यावर औषध नाही आणि आपल्याकडं वापरात असलेली लसही नाही.

हीच लक्षणं आपल्या जुन्या स्वाइन फिवरमध्येही दिसतात, त्यालाच क्लासिकल म्हणतात. तो विषाणू वेगळा, तोही माणसाला होत नाही आणि त्याची लस आहे. नुसतं बघून दोन्हींतला फरक कळत नाही, भल्याभल्यांना कळत नाही. नमुने तपासावेच लागतात. आपल्याकडून ते पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात आणि आफ्रिकन फिवरचा संशय असेल तर पुढं भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत.

खरकट्याबद्दल मात्र तुमच्या कानावर आलेलं खरं आहे. त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा गेला आणि तो तुकडा आजारी जनावराचा असला, तर विषाणू थेट पोटात जातो. थंडगार मांसात तो महिनोन् महिने टिकतो, गोठवलेल्यात त्याहून जास्त. म्हणून खरकटं उकळल्याशिवाय घालायचं नाही. एक वाफ काढली आणि उतरवलं, असं चालत नाही. किमान 90 अंशांवर पूर्ण तासभर, तेही ढवळत राहून, कारण भाताचा गोळा बाहेरून कढत असतो आणि आतून कोमट राहतो.

तांबडा_पांढरा

आमच्याकडं डुकराचं काही बनत नाही. पण मामांच्या ड्रममध्ये आमच्यासारख्या बऱ्याच ठिकाणचं एकत्र होतं. परवा मुद्दाम वाकून बघितलं. वर रश्श्याचा तवंग, त्यात भात, भाकरीचे तुकडे, लिंबाच्या फोडी, हाडं, प्लास्टिकच्या पिशव्या, टूथपिकसुद्धा. मामा म्हणाले, उकळायला लाकूड परवडत नाही. आता ठरवलंय की प्लास्टिक आणि हाडं आमच्याकडंच वेगळी काढायची, आणि जळणाचं काय करता येतं ते शेजारच्या दोन-तीन हॉटेलवाल्यांशी बोलायचं.

दगड_छिन्नी

हा धागा वाचून लिहायचं ठरवलं. आमच्या घरात आजोबांच्या आधीपासून डुकरं आहेत. शहरात नाल्याकडेला राहतो. लोक आमच्या जनावरांकडं बघून नाक मुरडतात, पण जनावरांना काय होतंय हे विचारायला कुणी येत नाही. दोन वर्षांपूर्वी आमची पिलं भराभर मेली. कान निळे पडले होते, वर डॉक्टर सांगतात तसेच. मी एका दवाखान्यात गेलो तर डुक्कर म्हटल्यावर तिथल्या माणसानं मान वरसुद्धा केली नाही. अशा रोगाची लस असते हे मला आज या धाग्यावरून कळतंय. मेलेली जनावरं काहींनी नाल्यात टाकली, काहींनी मरायच्या आधी कापून विकली. मी पुरली. मला कुणाला दोष द्यायचा नाही, ज्याच्या घरात तेवढंच भांडवल असतं तो काय करणार?

निवृत्त_पशुवैद्य

भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. तुम्हाला जी वागणूक मिळाली ती चुकीचीच होती, आणि रोग पसरतो तो याच भेगेतून. पाळणाऱ्याला वाटतं की सांगितलं तर जनावरं मारतील, किंवा हाकलून देतील. मग तो रात्रीत विकून मोकळा होतो आणि रोग टेम्पोत बसून पुढच्या गावाला जातो. 2009 च्या प्राण्यांमधील संक्रामक रोगांच्या कायद्यानुसार असा आजार कळवणं मालकाचं कर्तव्य आहे, पण कळवायला गेलेल्याला दारातून परत पाठवणारी व्यवस्था असेल तर कायद्याचा काय उपयोग? आफ्रिकन फिवर पक्का झाला की एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारतात आणि भरपाई मिळते ती अशा मारलेल्या जनावरांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे लवकर कळवणाऱ्याच्या पदरात निदान काहीतरी पडतं. हे पाळणाऱ्यांपर्यंत कुणी नीट पोचवतच नाही.

1962 हा टोल फ्री क्रमांक जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा आहे. डुक्करही जनावरच आहे, तिथं बिनधास्त फोन करा. आणि मला इथं खासगी निरोप पाठवा, मी तुमच्याबरोबर येतो.

भोगावतीकाठ

दगड_छिन्नी भाऊ, वाचून वाईट वाटलं. कायतरी केलं पाहिजे.

डॉक्टरसाहेब, मग थोडक्यात असं म्हणू का की डुकराचे मोठे रोग माणसाला होतच नाहीत? ग्रामसभेत हेच सांगतो.

सीपीआर_चौक

थांबा, असं सरसकट सांगू नका. मी माणसांचा डॉक्टर, ताप आणि मेंदूज्वराचे रुग्ण बघतो. पशुवैद्य साहेबांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे, पण डुकरांचे दोन विषाणू असे आहेत की ज्यांना मी मनापासून घाबरतो.

पहिला जपानी मेंदूज्वर. हा विषाणू मूळचा बगळे, ढोकरी अशा पाणपक्ष्यांचा. भातखाचरातल्या पाण्यात वाढणारा एक क्युलेक्स डास तो पक्ष्याकडून डुकरापर्यंत नेतो. डुकराच्या रक्तात तो दोन-चार दिवस प्रचंड वाढतो आणि तेवढ्यात चावलेले डास तो घेऊन जातात. डुक्कर वरून ठणठणीत दिसतं. गाभण मादी मात्र मेलेली किंवा वाळून गेलेली पिलं टाकते, आणि बऱ्याचदा गोठ्यातली ती एकच खूण असते. माणसाच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, त्यामुळं माणसाकडून पुढं जात नाही. मांस खाऊन होत नाही, डुकराला हात लावून होत नाही. लागण झालेल्या शेकडो माणसांत एखाद्यालाच मेंदूज्वर होतो. पण तो एखादा बहुतेक वेळा लहान मूल असतं. मेंदूज्वर झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांपर्यंत जातं, आणि वाचलेल्यांतही अनेकांना झटके, अर्धांग, बुद्धीची मंदता आयुष्यभर राहते. 2005 मध्ये गोरखपूर भागात याच्या साथीत किती पोरं गेली ते देशानं पाहिलंय. आपल्या राज्यात हा रोग मुख्यतः विदर्भाच्या भात पट्ट्यात दिसत आला आहे.

दुसरा निपाह. 1998-99 मध्ये मलेशियात डुक्करपालक तापानं बेशुद्ध पडू लागले. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं जपानी मेंदूज्वर. डासांवर धूर मारला, लशी दिल्या, रुग्ण वाढतच राहिले. रुग्णांत मोठी माणसं जास्त होती, आणि तीही डुकरांजवळ काम करणारी. हे डासांच्या रोगाशी जुळत नव्हतं. मार्च 1999 मध्ये मलाया विद्यापीठात चुआ काव बिंग यांनी नवा विषाणू वेगळा केला. 265 रुग्ण, 105 मृत्यू, दहा लाखांवर डुकरं मारली. डुकरांच्या शेडवर फळझाडं लावलेली होती, वटवाघळांनी उष्टी केलेली फळं खाली पडत आणि डुकरं ती खात. तिथून सगळं सुरू झालं.

आजरेकरीण

डॉक्टर, आमच्या आजऱ्यात घनसाळ भात, पावसाळाभर खाचरं भरलेली, बगळे तर विचारू नका. आणि वस्तीत दोन-चार घरी डुकरं आहेत. म्हणजे तुम्ही सांगितलेलं सगळं एका ठिकाणी आहे की हो. आम्ही काय करायचं? वटवाघळंही आहेत, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं वाचलं होतं.

सीपीआर_चौक

ताई, घाबरून जाऊ नका. सगळे घटक एका जागी असले म्हणजे रोग आहेच असं नसतं, पण लक्ष ठेवायची जागा नक्कीच ती. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी हे डास बाहेर जास्त चावतात. तेव्हा पोरांच्या अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे, रात्री मच्छरदाणी. डुकरांचा गोठा झोपायच्या खोलीपासून जितका लांब तितका बरा, आणि गोठ्यालाही जाळी. खाचरात पाणी सतत तुंबवण्याऐवजी अधूनमधून सोडता आलं तर अळ्या मरतात. गावात डुकरीनं मेलेली पिलं टाकली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पोराला ताप आणि झटके, किंवा ताप आणि बरळणं असं काही दिसलं तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता थेट मोठ्या दवाखान्यात. या रोगाची लस आहे, सरकारी मोहीम मात्र ठरावीक जिल्ह्यांतच असते, म्हणून आपल्या आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

महाबळेश्वरचं तुम्ही बरोबर वाचलंय, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं ते शोधलं. वटवाघळांत खुणा आहेत, इथल्या डुकरांत किंवा माणसांत रोग सापडला असा त्याचा अर्थ नाही. भारतात सिलीगुडी, नादिया, कोळिकोड इथं ज्या साथी झाल्या त्यांत डुकरं नव्हती. तरी धागाकर्त्याच्या भावाला एवढं सांगा की शेडच्या डोक्यावर आंबा, पेरू, चिक्कू काहीही नको, आणि पडकं फळ डुकरांना घालायचं नाही.

इचलकरंजी_माग

कावीळ राहिली की. 2012 ला आमच्याकडं काविळीची साथ आली, माणसं गेली. तेव्हाही लोक म्हणायचे, नदीकाठच्या डुकरांमुळं झालं.

सीपीआर_चौक

ती हिपॅटायटिस ई होती. या विषाणूचे प्रकार आहेत. पहिला आणि दुसरा फक्त माणसात राहतो, तिसरा आणि चौथा डुकरांत असतो आणि त्यांच्याकडून माणसालाही येतो. युरोप, जपानमध्ये डुकराचं कच्चं-अर्धकच्चं काळीज खाऊन तो झालेला आहे. पण भारतात माणसांच्या साथी होतात त्या पहिल्या प्रकाराच्या, आणि आपल्याकडच्या डुकरांत सापडला तो चौथा. हे पुण्याच्याच संस्थेनं दाखवून दिलंय. म्हणजे तशी साथ येते ती माणसाच्या मैल्यानं, पिण्याच्या पाण्यात मिसळलेल्या. गरोदर बाईला हा आजार फार वाईट होतो, म्हणून चिडून लिहितोय. डुकरांवर बोट ठेवलं की गळकी पाइपलाइन तशीच राहते.

पन्हाळा_पावसात

एक विचारतो. धागाकर्ते म्हणतात जागा ओढ्याला लागून. 2019 ला आणि 2021 ला तिथं पुराचं पाणी कुठवर आलं होतं?

भोगावतीकाठ

2019 ला त्या जागेवर पुरुषभर पाणी होतं. 2021 ला थोडं कमी.

निवृत्त_पशुवैद्य

मग या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पन्हाळकरांनी विचारला. 50 माद्यांच्या प्रकल्पात पिलं धरून शेकड्यांनी जनावरं असतात. पूर आला की ती हलवणार कुठं? गाई-म्हशी लोक नातेवाइकांच्या दारात नेऊन बांधतात, डुकरं कोण बांधून घेणार? बुडालेली जनावरं आणि शेणखड्डा सगळं भोगावतीतून पंचगंगेत, म्हणजे खालच्या प्रत्येक गावाच्या जॅकवेलमध्ये, जिथून पिण्याचं पाणी उपसतात. लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जिवाणू अशाच पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतात. जागा बदला. माळावर घ्या, पाण्याची सोय करून घ्या, खर्च वाढला तरी चालेल. या जागेला माझा स्वतःचा विरोध आहे आणि ग्रामसभेत तुम्ही माझं मत तसंच सांगा. वराहपालनाला विरोध नाही.

उलट बंदिस्त शेडमध्ये डुक्कर उघड्यावरचा मैला खात नाही. पट्टकृमीची साखळी तिथंच तुटते. (अवांतर आहे, तो विषाणू नव्हे. पण त्याच्या अंड्यांमुळं मेंदूत गाठी होऊन फिट्स येणारे रुग्ण आपल्याकडं भरपूर आहेत.)

शेडला कुंपण, दारात चुन्याचा किंवा जंतुनाशकाचा पायबुडव, आतले गमबूट वेगळे. नवीन जनावर महिनाभर वेगळं. व्यापाऱ्याचा टेम्पो कुंपणाच्या आत येऊ द्यायचा नाही, कारण तो आधी कुठून आला हे तुम्हाला माहीत नसतं. कापणाऱ्याच्या हाताला जखम असेल तर हातमोजे, नाहीतर कापायला दुसरा माणूस.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

माझी भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. पण आता ती कशाची धरायची हे कळलं. ओढ्याकाठी नको, माळावर चालेल, असं माझंही मत.

भोगावतीकाठ

ग्रामसभा झाली. तीन तास चालली. भावानं ओढ्याची जागा सोडली, माळावरच्या तुकड्याचा सातबारा जोडून प्रस्ताव दुरुस्त करणार. गावानं अटी घातल्या : मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं आणि कळवायचं, खरकटं घालायचं नाही, मैल्यासाठी गोबरगॅस. काही जणांचा वासाबद्दलचा विरोध कायम आहे आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कावीळ डुकरांमुळं होते म्हणणाऱ्या काकांना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, मग टाकीजवळची पाइपलाइन कधी दुरुस्त करणार? त्यावर सगळेच गप्प झाले. तो विषय पुढच्या सभेत लेखी घेतलाय.

दगड_छिन्नी

डॉक्टर साहेब, निरोप पाठवलाय. आमच्या गल्लीत पाच-सहा घरांत मिळून पिलं बरीच आहेत. लस किती वयाला द्यायची? आजारी पिलाला दिली तर चालते का?

निवृत्त_पशुवैद्य

निरोप मिळाला. स्वाइन फिवरची लस पिलं दोन-तीन महिन्यांची झाली की. त्याआधी आईच्या चिकातून मिळालेली ताकद अंगात असते, तीच लशीला निकामी करते. पुढं वर्षातून एकदा. आजारी, ताप असलेल्या पिलाला द्यायची नाही. लस बर्फातून आणायची, उन्हात ठेवलेली कुपी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. सगळ्या घरांची पिलं एकाच दिवशी करू, म्हणजे कुपी उघडल्यावर वाया जाणार नाही. कुठल्या घरात किती आणि किती वयाची, एवढं लिहून ठेवा. सुया मी घेऊन येतो, प्रत्येक पिलाला वेगळी.